गेली नाही

"काका, तुम्ही त्या व्हिडिओतले ना?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा जनार्दन पाकिटातून कार्ड काढत होता. त्याला या प्रश्नाची सवय होती. नोव्हेंबर जवळ आला की मुलाची युनिव्हर्सिटी तो व्हिडिओ पुन्हा टाकायची आणि कॅनडातल्या या मार्कहॅममधलं कुणी ना कुणी त्याला ओळखायचं. कधी बँकेतला चिनी तरुण, कधी दातांच्या डॉक्टरकडची बाई. 'ग्रेट डॅड' म्हणायचे, अंगठा दाखवायचे, संपलं. पण ही मुलगी मराठी होती. छातीवरच्या बिल्ल्यावर गुंजन असं नाव होतं आणि बोलणं साताऱ्याकडचं होतं. "आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला परवा," कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालत ती म्हणाली. "बाकीचे नुसते तुमच्या उड्या बघतात. मी आपलं मराठी ऐकू आलं म्हणून तीनदा लावला. खाली इंग्लिशमध्ये काहीतरी भलतंच लिहिलंय त्यांनी." "असं होय," जनार्दन म्हणाला. "सुरुवातीला तुम्ही ओरडता ना काका, अगं गेली नाही, गेली नाही. कोण गेली नाही?" जनार्दननं कार्ड मशीनला टेकवलं. मशीननं वाजायला वेळ घेतला. "मॅच," तो म्हणाला. "हां, मॅच होय!" ती मोकळं हसली. "मला मेलीला काहीतरी वेगळंच वाटलं."

गाडीत येऊन बसल्यावर त्यानं सामान शेजारच्या सीटवर ठेवलं आणि किल्ली हातात धरून तो तसाच बसून राहिला. समोर पार्किंग लॉटमध्ये एक सरदारजी ट्रॉल्या एकात एक घालत होता. पाच वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणार कोण? व्हिडिओ बघणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते घरचे होते आणि त्यांना उत्तर आधीच सांगून झालं होतं. व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा. स्टेडियमच्या स्टँडमध्ये निळ्या जाकिटातला एक माणूस फोन कानाला लावून उभा आहे, डोक्यावर हातानं विणलेली माकडटोपी. तो एका हातानं पुढच्या रेलिंगवर थापा मारतोय, उड्या मारतोय, तोंड इतकं उघडलंय की मागच्या दाढेचं चांदीचं फिलिंग दिसतं. तो ओरडतो, "अगं गेली नाही, गेली नाही! एका पॉइंटनं जिंकलो! हिला विचार, हिला माहितीय! फोन लाव हिच्या कानाला!" मग थोडं थांबतो. मग आणखी मोठ्यानं, "वनू, जिंकला गं पोरगा! ऐकलंस का?" खाली शीर्षक, 'डॅड कॉल्स मॉम', आणि पुढे लाल बदाम. माणूस आनंदानं वेडा झालाय यात शंका नाही. जनार्दनला त्या माणसाची शिसारी यायची. आणि कधी कधी, हे तो कुणाला बोलला नसता, हेवाही वाटायचा. येत्या शनिवारी तोच व्हिडिओ भर मैदानावर मोठ्या पडद्यावर लावणार होते. त्या टीमचा सत्कार होता, आणि मुलगा स्वानंद माइकवर आईबद्दल बोलणार होता.

हे फुटबॉल म्हणजे हातात घेऊन पळायचं, अंगावर धावून जायचं फुटबॉल. जनार्दनला त्यातलं फारसं कळत नसे. त्याचं आयुष्य लेथवर गेलं, आधी सांगलीला, मग इथे गाड्यांचे पार्ट करणाऱ्या प्लांटमध्ये. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची त्याला किंमत होती, पण यार्ड त्याच्या डोळ्यांत बसत नसत. स्वानंद अंगानं किरकोळ. शाळेत सॉकर खेळायचा, पाय चांगला म्हणून ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत गेल्यावर त्याला किकर केला. म्हणजे मोठी मोठी धिप्पाड पोरं तासभर एकमेकांची हाडं मोडणार आणि मग हा येऊन एक लाथ मारून जाणार. त्याच्या बायकोला, वनिताला, हे फार आवडायचं. "माझ्यासारखाच आहे," ती म्हणायची, "दुसऱ्यांनी स्वयंपाक करायचा, हा फोडणी देणार." स्वानंदनं त्या दोघांना डायनिंग टेबलवर मीठदाणी न् चमचे मांडून नियम समजावले होते. त्यातला एक नियम फक्त या देशातला. किक चुकली, दांड्यांच्या मधून गेली नाही, तरी बॉल मागच्या पट्ट्यात पडला आणि समोरच्यांना तो तिथून बाहेर काढता आला नाही, तर मारणाऱ्याला एक पॉइंट. वनिता दर रविवारी लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये मुलांना मराठी शिकवायची. "चुकलं तरी मार्क?" ती म्हणाली होती. "माझ्या वर्गातली पोरं काय सुखात राहतील." पुढे कितीतरी दिवस कुणाचं काही चुकलं, भात लागला, पार्किंगचं तिकीट आलं, की ती बोट वर करून म्हणायची, "एक पॉइंट." रेफरी तसं एक बोट वर करतो. हे तिनं टीव्हीवर बघून उचललं होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या स्वादुपिंडात निघालं आणि नोव्हेंबरात ती हॉलमध्ये भाड्याच्या पलंगावर होती. सकाळी नर्स यायची. बाकी वेळ जनार्दन. दर चार तासांनी जिभेखाली थेंब, पाठीवरून ओला टॉवेल, कूस बदलणं. तो हे सगळं नीट करायचा, लेथवर जॉब लावावा तसं, पण घरात एक वास भरला होता आणि त्या वासाचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो गराजमध्ये जाऊन उभा राहायचा. नुसता. टायरच्या वासात. त्या शुक्रवारी त्यानं विंटर टायर्स बसवून घेतले आणि शनिवारी सकाळी सहाला पायात बूट घालून तिच्या पलंगाशी उभा राहिला. ओटावाला मॅच होती, हरले तर सीझन संपला. बाहेरगावच्या एकाही मॅचला तो कधी गेला नव्हता. वनिताची धाकटी बहीण ऊर्मी आदल्या संध्याकाळीच स्कारबरोहून राहायला आली होती, किचनमध्ये चहा टाकत होती. "आज नको," वनिता म्हणाली. तो म्हणाला, "पोराची शेवटची असेल कदाचित. ऊर्मी आहे ना." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा." पुढे भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यानं सांगितलं, तीच म्हणाली जा. कुणी डोळे पुसले, कुणी म्हणालं, अशी बाई होणे नाही. तो खोटं बोलत नव्हता. फक्त पहिले दोन शब्द तो सांगत नसे.

आणि रस्त्याला लागल्यावर त्याला बरं वाटलं. किंग्स्टनच्या पुढे ऊन पडलं, त्यानं काच खाली केली, थंडी नाकात झोंबली आणि त्याच्या लक्षात आलं की तो शीळ घालतोय. स्टँडमध्ये त्याला दोनचार आईबाप भेटले, कुणी चादर दिली, कुणी कॉफी. हाफटाइमला त्यानं ऊर्मीला फोन केला. "लावलंय का?" "हो, लॅपटॉपवर लावलंय, भावोजी. आवाज बारीक ठेवलाय." "बघतेय का ही?" "डोळे उघडे आहेत," ऊर्मी म्हणाली. त्यावर त्यानं काही विचारलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात त्यानं एकदाही घराची आठवण काढली नाही. नंतर त्यानं पुष्कळदा हिशेबासारखं मागे जाऊन पाहिलं, कुठे तरी, एखाद्या मिनिटाला, आली असेल. नाही. तो ओरडत होता, शेजारच्या गोऱ्या बाईचा खांदा धरून हलवत होता, गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली होती आणि त्यानं हॉट डॉग खाल्ला होता. तेवीस-तेवीस. तीन सेकंद उरले असताना स्वानंद मैदानात आला. एक्केचाळीस यार्ड, समोरून वारा. लाथ बसली तेव्हाच जनार्दनला कळलं की वाकडी गेली. बॉल डाव्या दांड्याच्या बाहेरून निघाला, सगळं स्टेडियम उठून ओरडलं, ते त्या लोकांचंच स्टेडियम होतं. पण मागच्या पट्ट्यात त्यांच्या पोरानं तो झेलला आणि बाहेर पळायला लागला, आणि रेषेच्या फूटभर आतच आपल्या दोघांनी त्याला आडवा केला. क्षणभर कुणालाच काही समजेना. मग रेफरीनं एक बोट वर केलं.

नेमका तेव्हा फोन वाजला. ऊर्मीचा. घरी लॅपटॉपवर चित्र दहा-बारा सेकंद मागे चालतं हे स्वानंदनं त्याला सांगितलेलं होतं, म्हणजे तिथे आत्ता किक चुकलेली दिसत असणार. सगळीकडे कल्ला. त्यानं फोन उचलला आणि ऊर्मी म्हणाली, "भावोजी... गेली."

गुंजनला त्यानं मॅच म्हणून सांगितलं ते खरंच होतं. त्याच्यापुरतं त्या वेळी खरं होतं. मॅच गेली. किक गेली. ऊर्मीला नियम कुठे ठाऊक, तिला वाटलं असेल हरले. पुढे पुष्कळ रात्री त्यानं त्या एका शब्दाला उलटंपालटं करून पाहिलं. शेजारच्या नंदकुमारनं फोन केला असता तर तो म्हणाला असता, वहिनी गेल्या. साक्षी तेव्हा सून नव्हती, पण तीही म्हणाली असती, काकू गेल्या. त्या नर्सनं इंग्लिशमध्ये सांगितलं असतं. 'गेल्या' म्हटलं असतं तर तो जागच्या जागी थांबला असता, कारण मॅच कधी गेल्या होत नाही. 'गेली' एवढंच म्हणू शकेल असं जगात एकच माणूस होतं, जे तिला अगंतुगं करायचं, आणि त्या दिवशी घरात तेच एक माणूस होतं. आणि ऊर्मी 'ताई' असं म्हणाली होती की नाही? कधी त्याला वाटे, म्हणाली असेल, गलक्यात ऐकू आलं नसेल. त्यानं तिला विचारलं नाही. तो ओरडला, अगं गेली नाही. ओरडला, हिला विचार. त्याच्या डोळ्यांपुढे वनिताचं वर केलेलं बोट होतं, तिला हे कळणार होतं, सगळ्या घरात फक्त तिलाच कळणार होतं. म्हणून तो म्हणाला, फोन लाव हिच्या कानाला. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग उशीवर फोन घासल्यासारखी खरखर झाली. मग तो बोलला. ऐकलंस का, असं त्यानं दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं ते व्हिडिओत नाही. उत्तर आलं नाही तेव्हा त्याला वाटलं, दमली असेल. आणि तो पायऱ्या उतरून मैदानाकडे धावला, कारण खाली त्याच्या मुलाला खांद्यावर घेतलं होतं.

वीस मिनिटांनी पार्किंगमध्ये त्यानं परत फोन लावला. "झोपली का?" त्यानं विचारलं. ऊर्मी म्हणाली, "भावोजी, मघाशी तेच सांगायला फोन केला होता मी." आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याला उद्या येऊ नको सांगावं तसा. फ्युनरल होममध्ये, दोघंच खुर्च्यांवर बसलेले असताना त्यानं तिला विचारलं, तू लावलास का फोन? खरंच लावलास? ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, लाव. लावला." मग पुष्कळ वेळानं, त्याच्याकडे न बघता, "तुम्ही बंद केलात तरी मी धरूनच बसले होते. कधी काढायचा ते कळेना." तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिलाही कुणावर तरी राग काढायचा होता. "बघत नव्हती ती," ऊर्मी म्हणाली. "मला सारखी विचारत होती, संपली का, संपली का. मॅच बघत नव्हती, भावोजी. संपायची वाट बघत होती. तुम्ही निघाल म्हणून." त्यानंतर ऊर्मीनं त्याला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही. भाऊबीजेला फराळाचा डबा पाठवते. डब्यात चिठ्ठी नसते.

स्वानंद टीमच्या बसनं ग्वेल्फला परत गेला. बसमधून त्यानं तीनदा फोन केला, मागे पोरं गात होती. जनार्दननं त्याला काही सांगितलं नाही, सकाळी स्वतः जाऊन दारात उभा राहिला. पोरगा हाफ पँटवर बाहेर आला, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, बापाचं तोंड बघितलं आणि समजला. बराच वेळ रडला. मग खांद्यावरून डोकं न उचलता म्हणाला, "डिड शी सी इट?" जनार्दनला हो म्हणता आलं असतं, तेवढंच पुरलं असतं. पण माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला पुरेसं कधी वाटत नाही. तो म्हणाला, "हो. फोनवर सांगितलं मी. म्हणाली, शाब्बास." लायब्ररीच्या वर्गातल्या वह्यांवर ती लाल पेननं तेच लिहायची, म्हणून तो शब्द तोंडात आला. सांगायच्या भरात त्यानं पुढची गंमतही सांगून टाकली की मावशीला आधी वाटलं गेली, नियम कुठे माहीत तिला. पोरगा रडता रडता हसला. पुढे वर्षभरानं त्याचा फोन आला, आईच्या हँडरायटिंगमध्ये तो शब्द कुठे सापडेल का. जनार्दननं बेसमेंटमधले खोके उपसले, वर्गातल्या कुणा एका निहारची जुनी वही काढली आणि फोटो काढून पाठवला. महिन्याभरानं स्वानंद घरी आला, बाही वर केली. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत, निळ्या शाईत, शाब्बास. खाली वनिताची सवयीची रेघसुद्धा होती. "हर लास्ट वर्ड," तो साक्षीला म्हणाला. तेव्हा नवं नवं लग्न ठरलं होतं. साक्षीनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. जनार्दन उठून वॉशरूममध्ये गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

फोन वाजला तेव्हा सरदारजीच्या ट्रॉल्या संपल्या होत्या. स्वानंद, ओटावाजवळच्या कनाटाहून. जनार्दननं फोन कानाला लावला.

"बाबा, ड्राइव्ह करताय?"

"नाही. उभा आहे."

"गुड. लिसन, सॅटर्डेचं स्पीच. हाफटाइमला दोन मिनिटं देतायत. आधी मी व्हिडिओ प्ले करणार, मग स्लीव्ह वर करणार, कॅमेरा क्लोज-अप घेणार. साक्षी सेज इट्स टू मच."

मागून साक्षी म्हणाली, "तुम्हीच सांगा बाबा, फिल्मी होतंय की नाही?"

"तू थांब गं. बाबा, मला एक्झॅक्ट हवंय. नुसतं शाब्बास म्हणाली, की शाब्बास, स्वानंद? माझं नाव घेतलं का तिनं? ट्राय टु रिमेंबर."

शेजारच्या सीटवर कोथिंबिरीनं पिशवीला आतून वाफ धरली होती. पाच वर्षांपूर्वी त्यानं वनिताच्या तोंडात एक शब्द घातला होता. आता पोरगा दुसरा मागत होता. हो म्हणणं सोपं होतं. शनिवारी हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवतील, त्यांत तोही उभा राहील, आणि पडद्यावर तो माणूस मेलेल्या बाईच्या कानात ओरडेल. कोण गेली नाही, काका? त्या मुलीनं साधं विचारलं होतं. तिला जे भलतंच वाटलं ते तिनं हसून सोडून दिलं, कारण कुणीही सोडून देईल. सांगितलं तर पोराच्या हातावरची अक्षरं तशीच राहणार, जाणार नाहीत, आणि पोरगा रोज आंघोळ करताना ती बघणार. न सांगितलं तर ती बघत राहणार तो स्वतः. त्याला वाटलं, आजवर आपण पोराला जपत होतो असं समजत आलो. आपण कुणाला जपत होतो?

"स्वानंद," तो म्हणाला. "नीट ऐक. ती काही म्हणाली नाही."

"काय? होल्ड ऑन, मी व्हिडिओ कट करतोय, साउंड चालू आहे." मागे स्टेडियमचा गलका होता. तो आवाज जनार्दननं कुठेही ओळखला असता.

"मावशीनं फोन केला ना मला," त्यानं आवाज चढवला. "तो सांगायला केला होता. गेली म्हणून."

"ओ, दॅट!" स्वानंद हसायला लागला. "आय लव्ह दॅट पार्ट! मावशीला रूल माहीतच नव्हता. नो नो बाबा, गेली नाही! वी वन! वन पॉइंट!" आणि साक्षीला म्हणाला, "ऐक, ऐक हे," आणि आवाज मोठा केला.

मग जनार्दनच्या कानात तो माणूस ओरडायला लागला. अगं गेली नाही, गेली नाही. जाकिटाची सळसळ, रेलिंगवरच्या थापा. फोन लाव हिच्या कानाला. त्यानं फोन काढला नाही. एक शब्द आधी लावायचा होता, आई, एवढाच, की वाक्य पुरं झालं असतं. त्यानं तोंड उघडलं. वनू, जिंकला गं पोरगा. ऐकलंस का?

"बाबा?" स्वानंद म्हणाला. "ऐकलंत का? यू देअर? हॅलो?"

जनार्दननं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"अरे, किती ओरडतोस त्यांच्या कानात," लांबून साक्षी म्हणाली. "दमले असतील."

"येस, ही'ज टायर्ड," स्वानंद हळू म्हणाला. आणि फोनमध्ये, लहान मुलाशी बोलावं तसं, "बाबा, तुम्ही घरी जाऊन रेस्ट घ्या. मी शाब्बास, स्वानंद असंच म्हणतो. नाव घेतलं असणारच तिनं. शनिवारी भेटू."

फोन बंद झाला. जनार्दन तो कानाला धरून बसून राहिला. कधी काढायचा ते त्याला कळेना.